भोंग्यावरचं मेटल

केनवडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजते ती मंडपवाल्याच्या मिक्सरवर. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर हेवी मेटलसाठी कोणतं पेडल घ्यावं याबद्दलची जगभरची माहिती इथे कुचकामी ठरते. मार्शल, मेसा बूगी, पीव्ही ही गिटार अँपची नावं रिसोड तालुक्यातल्या पोरांना पाठ आहेत, मोबाइलवर त्यांचे आवाज शंभरदा ऐकून झाले आहेत. पण मालेगाव-मेहकर रस्त्यावरच्या या गावात लग्नाला किंवा जयंतीला मंडपात जो अँप्लिफायर येतो तो अहुजाचा. त्याच्यापुढे दोन भोंगे, आणि यजमानाचा हात सैल असेल तर दोन टॉप, दोन बेस.

ऑर्केस्ट्रात ज्याला सगळे नुसतं ‘मास्तर’ म्हणतात, त्या गिटारवाल्याला हे दुसऱ्या कुणी सांगावं लागलं नाही. तिशीतला गडी. घरची कोरडवाहू शेती, स्वतःचा वायरमनचा आयटीआय, आणि तुळशीचं लग्न लागलं की मे सरेपर्यंत लग्नांच्या सुपाऱ्या. मध्ये १४ एप्रिलची जयंती, पुढे गणपती आणि नवरात्र. ऑर्केस्ट्रात गिटारवाल्याचा पाट तसा कोपऱ्यातच असतो. बासरी, सनई, व्हायोलिन सगळं कीबोर्डवाला एकटा उरकतो, आणि गिटारच्या वाट्याला कॉर्ड तेवढे उरतात. २००८ साली ‘रॉक ऑन’ आला, २०११ साली ‘रॉकस्टार’ आला, तेव्हापासून मात्र वरातीतली पोरं मधूनच गिटारवाल्याकडे वळून बघायला लागली. त्यांना तो फाटका, गुरगुरणारा आवाज हवा असतो. मास्तरला तर तो त्यांच्याही आधीपासून हवा होता.

मेटल त्याच्यापर्यंत पोचलं ते मोबाइल रिचार्जच्या दुकानातून. वीस-पंचवीस रुपयांत मेमरी कार्ड भरून द्यायचे ते दिवस. तिकडे मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव १९८६ पासून चालू होता, रंगभवनच्या उघड्या रंगमंचावर एक अख्खी पिढी डोकं हलवून मोकळी झाली होती. २००० साली ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड उभा राहिला, पाठोपाठ ‘भयानक मौत’. २००७ च्या मार्चमध्ये आयर्न मेडन बंगळुरात वाजवून गेले, २०११ च्या ऑक्टोबरात मेटालिका. केनवडला यातलं काही कळलं नाही. कळलं ते त्या कार्डात भलत्याच नावाखाली आलेल्या दोन-चार गाण्यांतून.

आता पेडलबद्दल. गिटारच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, काही मिलिव्होल्टपासून फार तर व्होल्टभर. गिटारचा खरा अँप तीन कामं करतो. प्रीअँप त्या सिग्नलला फुगवतो, हवं तर फाडतो आणि त्याचा सूर घडवतो; पॉवर अँप त्याला ताकद देतो; स्पीकर तो हवेत सोडतो. साधं डिस्टॉर्शन पेडल असा अँप पुढे आहे असं धरूनच बनवलेलं असतं. प्रीअँप पेडल पहिलं काम स्वतःकडे घेतं, त्यामुळे अँप नसलेल्या माणसाला ते सोयीचं. पॉवर अँप तर मंडपात आहेच. अडचण आहे ती तिसऱ्या भागाची, आणि विकणारे नेमके तिथेच गप्प राहतात.

मास्तरने विकत घेण्याआधी अकोल्याच्या एका वादकाकडून बॉसचं ‘मेटल झोन’ मागून आणलं. काळपट रंगाची, मूठभर आकाराची, पायाने दाबायची धातूची डबी. १९९१ साली ती बाजारात आली आणि अजून विकली जाते. दहा लाखांहून जास्त नग गेल्याचं कंपनी सांगते. गिटारवाल्यांच्या जमातीत तिला नावं ठेवणारेही तितकेच सापडतील. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मंडपात जोडाजोडी चालू असताना त्याने गिटारची कॉर्ड डबीत घातली, डबीतून दुसरी मिक्सरला नेली, डिस्टॉर्शनचा नॉब पुरा फिरवला आणि डबी दाबली. भोंगे फुटले. आचाऱ्याकडची बायामाणसं वळून पाहू लागली.

मिक्सरवर बसलेल्या काकांनी फेडर खाली ओढला. “बापा, मास्तर, हे गिटार हाय का आग्यामोहोळ?”

“काका, ट्रेबल खाली घ्या पहिले, मंग बोला.”

“ट्रेबल तं मी कवाचीच झिरोवर नेली ना भाऊ! आता काय भोंगाच काढून ठेवू?”

काकांनी विनोद केला, पण रोग बरोबर ओळखला होता. भोंगाच आड येत होता. गिटारच्या अँपमधला बारा इंची कागदी शंकूचा स्पीकर बोलायलाच मर्यादित असतो. मेटलवाल्यांच्या लाडक्या सेलेस्टियन व्हिंटेज ३० ची मर्यादा कंपनी ७० ते ५००० हर्ट्झ अशी देते. सिग्नल फाटला की त्यातून वरच्या पट्टीचे असंख्य टोकदार स्वरांश निघतात. पाच हजाराच्या वरचे हे काटे तो कागद गिळून टाकतो, म्हणून रेकॉर्डवर ऐकू येतो तो जाड, भरीव आवाज. मंडपातल्या टॉपमधला हॉर्न पाच हजारावर थांबत नाही, पुढे कितीतरी वर जातो, आणि भोंग्याचा तर सगळा जोरच कानाला टोचणाऱ्या पट्टीत असतो. पेडलने निर्माण केलेला प्रत्येक काटा तो प्रामाणिकपणे लोकांच्या कानात नेऊन सोडतो. गाणाऱ्याचा शब्द दोन शेतं पलीकडे पोचावा म्हणून भोंगा जन्माला आला. गिटारसाठी तो कधी नव्हताच.

यावरचा उपाय म्हणजे स्पीकरची नक्कल करणारी पायरी. ती पेडलमध्येच असते किंवा वेगळ्या डबीत मिळते. अ‍ॅनलॉग असेल तर वरच्या पट्ट्या कापणारं फिल्टर, डिजिटल असेल तर खऱ्या स्पीकरच्या आवाजाचा नमुना. बाजारात याला ‘कॅब सिम’ म्हणतात. कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या टेक २१ ने १९८९ साली ‘सॅन्सअँप’ काढला तो गिटार थेट मिक्सरला जोडता यावी म्हणूनच, आणि पुढे त्याच धर्तीच्या स्वस्त डब्यांची रांग लागली. शहरातल्या वादकाला हे स्टुडिओत किंवा रात्री घरी हेडफोनवर वाजवताना लागतं. केनवडच्या वादकाला प्रत्येक कार्यक्रमात लागतं. म्हणून पेडलच्या डब्यावर किती गेन लिहिलाय ते मागाहून पाहावं. आधी मागच्या बाजूला मिक्सरसाठी वेगळं आउटपुट आहे का ते पाहावं.

मास्तरने त्या आठवड्यात ती डबी उलटसुलट फिरवून पाहिली. वायरमनची सवय, वस्तू कशी चालते ते कळल्याशिवाय झोप येत नाही. मेटल झोनवर दिसायला चारच नॉब आहेत, पण मधले दोन दुहेरी आहेत, एकात एक बसवलेले. पहिला आवाजाचा. दुसऱ्यात वरची पट्टी आणि खालची. तिसऱ्यात मधली पट्टी किती वाढवायची किंवा घटवायची, आणि ती नेमकी कुठली धरायची, २०० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत. चौथा डिस्टॉर्शनचा. नवखा माणूस चौथा पुरा फिरवतो आणि तिसऱ्याने मधली पट्टी पार कापून टाकतो, कारण एकट्याने खोलीत वाजवताना तो पोकळ, घुमणारा आवाज भारी वाटतो. तोच आवाज ढोलक, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड यांच्यात गेला की नाहीसा होतो. गिटार माणसाला ऐकू येते तीच मधल्या पट्टीत. मास्तरने डिस्टॉर्शन तिसऱ्या हिश्श्यावर आणलं, मधली पट्टी सातआठशे हर्ट्झच्या आसपास धरून थोडी वर घेतली, खालची कमी केली, वरची आणखी कमी. मिक्सरवर काकांकडून लो-कटचं बटण दाबून घेतलं, म्हणजे शंभर हर्ट्झच्या खालचा चिखल बेसच्या खोक्यांत जायचा थांबला. आवाज उभा राहिला. काका एवढंच म्हणाले, “आता काहीतरी वाजून राह्यलं.”

गेन कमी करून आवाज जड कसा होतो, हे नवख्याला पटत नाही. इथे टोनी आयोमीचं उदाहरण घ्यावं लागतं. बर्मिंगहॅमचा हा पोरगा १९६५ साली, सतरा वर्षांचा असताना, पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे तारा खाली उतरवल्या, आणि फेब्रुवारी १९७० मध्ये आलेल्या, त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या पहिल्या अल्बमपासून हेवी मेटल सुरू झालं असं बहुतेक जाणकार धरतात. सोयाबीनच्या मळणी यंत्रात बोट गेलेली माणसं वऱ्हाडात गावोगाव आहेत, त्यामुळे मास्तर ही गोष्ट सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यांना ती इंग्लंडची वाटत नाही. पण गिटारवाल्याच्या कामाचा भाग पुढचा आहे. आयोमी अँपच्या आधी एक ट्रेबल बूस्टर लावत असे. म्हणजे जगातला सर्वांत जड समजला जाणारा आवाज काढताना तो आधी वरची पट्टी वाढवत होता. खालचे स्वर डिस्टॉर्शनमध्ये जसेच्या तसे शिरले की त्यांचा गाळ होतो. ते आधी आवरले की फाटलेला आवाजही आखीव राहतो. जडपणा मग नंतरच्या पट्ट्यांनी आणि स्पीकरने भरायचा. आजही कित्येक मेटलवाले हाय-गेन अँपच्या आधी इबानेझचं ट्यूबस्क्रीमर लावतात, त्यातला गेन जवळजवळ शून्यावर ठेवून. कारण हेच.

दुसरा धडा हार्मोनियमवर गाणं शिकलेल्याला लगेच समजतो. डिस्टॉर्शनमध्ये मेजर-मायनर कॉर्ड वाजवले की घाण होते, म्हणून मेटलवाले ‘पॉवर कॉर्ड’ वाजवतात. म्हणजे फक्त षड्ज आणि पंचम. तंबोऱ्यातली जोडी. सा आणि प यांचं प्रमाण दोनास तीन. सिग्नल फाटतो तेव्हा दोन स्वरांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन नवे स्वर निघतात. गिटारची सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झवर, तिचा पंचम १२३.६ वर, वजाबाकी ४१.२, म्हणजे बरोबर मंद्रातला सा, एक सप्तक खाली. कुणीही न छेडलेला स्वर डबीतून फुकट निघतो आणि तो सुरात असतो. गंधार मिसळला की वजाबाक्या विस्कटतात. दोनच तारांतून एवढा मोठा आवाज का येतो, याचं उत्तर या गणितात आहे. भोंग्यातून ४१ हर्ट्झ येणं अर्थात शक्य नाही, पण त्याच्या वरचा सगळा डोलारा त्या हिशोबाने सुरात बसतो. ऑर्केस्ट्रातल्या पेटीवाल्या बुवांना मास्तरने हे वाजवून दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, मग एवढा खटाटोप करून तुम्ही आमच्या तंबोऱ्यावरच आलात की. प्रश्न रास्त आहे.

खरं तर फाटका आवाज इकडे नवा नाहीच. महाराष्ट्रात ज्याला बेंजो म्हणतात ते बुलबुलतरंग, आणि त्याचं मूळ जपानमध्ये १९१२ साली निघालेल्या तैशोगोतो या वाद्यात. आपल्याकडच्या वादकांनी त्याला पिकअप लावला, गाडीवर भोंगे बांधले, आवाज पुरा उघडला, आणि गणपतीच्या मिरवणुकीत अँप्लिफायर फाटेस्तोवर वाजवलं. रवी जाधव यांनी २०१६ साली ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमाच काढला. भोंग्यावर फाटलेली तार ऐकायची सवय गावांना या बेंजोवाल्यांनी लावली, आणि त्याचं श्रेय त्यांना कुणी देत नाही. तिकडे १९६४ साली किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने ब्लेडने स्पीकरचा कागद चिरला, त्याचे मात्र गोडवे गायले जातात.

विजेची भानगड पुस्तकात नसते, गावात असते. हाय-गेन पेडल सिग्नल हजारो पटींनी वाढवतं, आणि त्यासोबत घाणही तेवढीच वाढवतं. पन्नास हर्ट्झची घूं, मंडपातल्या लायटिंगच्या डिमरची चर्र, जनरेटर चालू झाल्यावरची वेगळीच करकर. अर्थिंगची कांडी ओल्या जागी नीट रोवलेली नसेल तर माइकला ओठ लागताच गिटारवाल्याला झटका बसतो. हा विनोदाचा विषय नाही. मास्तर आधी अर्थिंग तपासतो, मग वाजवतो. पिकअप सिंगल कॉइल असेल तर हाय-गेन विसरावा, घूं दाबणारा हमबकर लावून घ्यावा. नॉइज गेट लावला की गाणं थांबल्यावरची खरखर थांबते, वाजवताना तारेमागे दडलेली जात नाही.

अडॅप्टरचंही तसंच. बहुतेक पेडलना नऊ व्होल्ट लागतात आणि पिनचं मधलं टोक ऋण. घरोघरच्या वायफायच्या डब्याचा अडॅप्टर बहुधा बारा व्होल्टचा आणि मधलं टोक धन. पिन बरोब्बर बसते, म्हणूनच घात होतो. व्हॉल्व्ह असलेलं पेडल घेण्याचा मोह मास्तरने विजेपायीच आवरला. १२एएक्स७ जातीच्या एका व्हॉल्व्हला नुसतं तापायला ६.३ व्होल्टवर ३०० मिलिअँपिअर लागतात. चौकोनी बॅटरीवर त्याचा निभाव लागत नाही. साधं ट्रान्झिस्टरचं पेडल त्या बॅटरीवर अख्खा कार्यक्रम काढतं, आणि बॅटरीवर चालवलं की अडॅप्टरची घूं आपोआप जाते. मंडपातली लाइन कशी असेल याचा भरवसा नसलेल्या माणसाला हा गुण व्हॉल्व्हच्या उबदार आवाजापेक्षा मोलाचा.

खरेदीचा मुहूर्त अर्थातच दिवाळीनंतरचा, सोयाबीन विकल्यावरचा. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, आणि बाजारात तेवढाही हातात पडत नाही अशी शेतकऱ्यांची ओरड होती. नवं नावाजलेलं पेडल म्हणजे किमान दोन-तीन क्विंटलचा मामला. मास्तरच्या मायने हिशोब एका वाक्यात मांडला: “अशी काय सोन्याची हाय ती डब्बी, दोन क्विंटल सोयाबीन गिळते ते?” यावर त्याने जुन्या मालाकडे मोर्चा वळवला. वाशिममध्ये हार्मोनियम, तबला, ढोलकी मिळते. मेटलचं पेडल हातात घेऊन वाजवून पाहायचं तर पुणं-मुंबई गाठावी लागते. मुंबईत फुर्टाडोस १८६५ पासून वाद्यं विकतंय, पण पेडलसाठी तिकडे जाण्यायेण्याचा खर्च म्हणजे आणखी एक क्विंटल. कुरियरने मागवलं तर वाजवून बघता येत नाही. अखेर अकोल्याच्या त्याच वादकाने, नवं काही घ्यायचं म्हणून, ती काळपट डबी विकायला काढली. मास्तरने उरलेल्या पैशांत एक साधी कॅब सिमची डबी मागवली. दोन्ही मिळून नव्या पेडलपेक्षा स्वस्त पडल्या.

मेटल झोनला हसणाऱ्यांबद्दल एक सांगायला हवं. ते ती डबी आधीच सूर घडवलेल्या अँपच्या तोंडाला लावतात, म्हणजे प्रीअँपपुढे दुसरा प्रीअँप, आणि मग आवाज कचऱ्याचा आला म्हणून बोंब मारतात. तीच डबी अँपच्या मागच्या रिटर्नमध्ये, थेट पॉवर अँपला लावली, की तिचा आवाज सुटा आणि जड होतो, हे अनुभवी वादक कधीपासून सांगत आलेत. बॉसचंच १९८३ चं एचएम-२ हे पेडल असंच टाकाऊ ठरलं होतं, १९९१ मध्ये बंद पडलं. पण तोवर स्टॉकहोमच्या पोरांनी त्याचे सगळे नॉब टोकाला फिरवून स्वीडिश डेथ मेटलचा आवाज काढला होता, आणि एंटूम्ड या बँडचा १९९० चा पहिला अल्बम त्याच करवती आवाजावर उभा आहे. २०२० मध्ये कंपनीला ते पुन्हा काढावं लागलं.

आता मास्तरची मांडणी ठरून गेली आहे: गिटार, मेटल झोन, कॅब सिम, तिथून मिक्सर. ‘रॉकस्टार’मधल्या ‘साड्डा हक’ला पोरं पुढे येतात, डबी दाबली जाते, आणि गाणं संपलं की ती लगेच बंद होते, कारण पुढचं गाणं भीमगीत किंवा लावणीचं असतं. रात्री दहाला भोंगे बंद. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा हा दट्ट्या पोलिस पाटील नीट लक्षात ठेवतात. खरं मेटल, म्हणजे पूर्ण गाणं, तो घरी हेडफोनवरच वाजवतो. तेही त्याच कॅब सिमच्या जोरावर.

वऱ्हाडातल्या, मराठवाड्यातल्या ज्या पोरांना यंदा पैसे हातात आल्यावर असं पेडल घ्यायचंय, त्यांच्यासाठी हिशोब सोपा आहे. पैशांचे दोन भाग करा. पहिला भाग मिक्सरला जोडता येईल अशा आउटपुटवर घाला आणि उरलेला गेनवर. दुकानात गेलात तर स्वतःची गिटार घेऊन जा, आणि दुकानदाराला पेडल त्याच्या गिटार अँपवर नको, साध्या पीए स्पीकरवर लावून दाखवायला सांगा. तो का-कू करायला लागला, तर दुसरं दुकान बघा.